वाकलेला शिक्का

कुसाकासान माझ्या दुकानात पहिल्यांदा आले तेव्हा त्यांची बायको बाहेर रस्त्यावर उभी राहून काचेतून मला खुणा करत होती. कानांवरून अजून बारीक. मी कात्री चालवली की ती मान हलवायची, अजून. आत या म्हटलं तर येईना. पुरुषांचं दुकान आहे म्हणाली. हातातल्या पिशवीतून कांद्याची पात बाहेर डोकावत होती. मिने तिचं नाव. पुढे कितीतरी वर्षं ती तशीच बाहेर उभी राहिली. मग एका शरद ऋतूत कुसाकासान एकटेच आले, खुर्चीत बसले, आणि केस कापून होईपर्यंत काचेकडे बघत राहिले. मी कानांवरचे केस आपणहून बारीक केले.

तोक्योत, जूजोच्या आमच्या आळीत त्यांना सगळे बँकवाले म्हणत. ती बँक कधीच दुसऱ्या बँकेच्या पोटात गेली होती आणि तिची पाटीही उरली नव्हती, तरी म्हणत. ठेव विभागात लागले आणि ठेव विभागातूनच निवृत्त झाले. बरोबरीचे लोक वरच्या मजल्यावर गेले, काही आणखी वरच्या. कुसाकासान खालीच राहिले. त्याबद्दल ते कुरकुरले नाहीत. खालच्या मजल्यावर ऊन जास्त येतं, असं एकदा म्हणाले होते.

आमच्याकडे आळीचं पत्रक फळीला अडकवून घरोघर फिरतं. वाचलं की आपल्या चौकटीत सहीऐवजी आपल्या नावाचा शिक्का मारायचा आणि फळी शेजाऱ्याकडे द्यायची. कुसाकासान ती बहुतेक वेळा माझ्याच दुकानात वाचत, आणि त्यांचा शिक्का नेहमी डावीकडे कललेला पडे.

"कुसाकासान, चष्मा बदला. शिक्का पडायला आलाय."

"पडत नाहीये, मालक. वाकून नमस्कार करतोय."

"कोणाला?"

"डावीकडे वरिष्ठाचा शिक्का असतो. आपला सरळ मारला तर त्याच्यासमोर ताठ मानेनं उभं राहिल्यासारखं दिसतं. बँकेत पहिल्या आठवड्यातच शिकवतात."

डावीकडच्या चौकटीत आळीचा अध्यक्ष मोगामी होता, तांदळाच्या दुकानाचा.

"मोगामी कधीपासून तुमचा वरिष्ठ झाला? गेल्या महिन्यात त्यानं मला किडका तांदूळ दिला."

"हाताला ते कोण सांगणार?" कुसाकासान म्हणाले, आणि शिक्क्याचं तोंड कागदानं पुसून तो डबीत ठेवला.

मिनेच्या अस्थींचा कलश त्यांच्या भाड्याच्या खोलीत, फ्रिजच्या शेजारच्या स्टुलावर होता. पांढरा, चिनी मातीचा, पांढऱ्या कापडात बांधलेला. वर्षश्राद्ध होऊन गेलं, दुसरं आलं, कलश तिथेच. कुसाकासान म्हणजे घरातला दुसरा मुलगा. गावची घराण्याची समाधी थोरल्या भावाची, तिथे थोरल्याच्या घरातली माणसं जातात. धाकट्यानं आपली जागा आपण बघायची, आणि ती त्यांनी बघितली नव्हती. बघत होते. दर रविवारी ते अस्थी पुरण्यासाठी विकायला काढलेल्या स्मशानातल्या रिकाम्या जागा बघायला जात. समाधीचे दगड विकणारे पोरगे चहा देत, रंगीत चित्रं देत. कुसाकासान ती चित्रं मला आणून दाखवत.

"ही बघा. इथून नदी दिसते."

"झकास आहे की. घ्या मग."

ते हसत, खाली छापलेल्या किमतीवर बोट ठेवत आणि चित्राची घडी घालत.

आमच्या बौद्ध मंदिरांमध्ये एक सार्वजनिक खड्डा असतो. ज्यांना जागा नाही त्यांच्या अस्थी तिथे एकत्र ओततात, थोडक्या पैशांत होतं. मी एकदा तसं सुचवलं. कुसाकासाननी हातातलं चित्र घडी करून खिशात ठेवलं. मग म्हणाले, "मिने लग्नाआधी लोकांच्या घरी राहून काम करायची. लग्नानंतर भाड्याची खोली. मग दुसरी भाड्याची खोली. दवाखान्यात मला म्हणाली, अहो, मेल्यावर तरी मला भाड्यानं ठेवू नका. अनोळखी माणसांत नको."

तोक्योत जमीन म्हणजे काय हे मला कळलेलं नाही. मी तिच्यावर रोज उभा असतो, माझ्या टाचा तिच्यामुळे दुखतात, पण ती माझी नाही. तिच्यावरची घरं पडतात, नवी उभी राहतात. तिच्यावर माणसांची नावं तेवढी हलत असतात, पाण्यावरून ढगांच्या सावल्या हलाव्यात तशी. खाली माती गप्प असते. तिला आपल्यापैकी कोणाचंच नाव माहीत नाही.

साएगुसा नावाची बाई त्यांना अशाच एका रविवारी स्मशानात भेटली. नीटनेटकी, पन्नाशीची, हलक्या आवाजात बोलणारी. तिनं त्यांना बाकावर बसवून मिनेबद्दल सगळं विचारून घेतलं आणि डोळे पुसले. मग म्हणाली, काका, तुम्ही माझ्या ओळखीच्या एका माणसासारखे दिसता, हुबेहूब.

पुढच्या आठवड्यात ते तिला घेऊनच दुकानात आले. तिच्या हातात एका म्हाताऱ्याचा फोटो होता.

"असे कापा," ती म्हणाली. "भांग उजवीकडे. कानांवर थोडे राहू द्या."

"कानांवर राहू द्यायचे?" मी कुसाकासानना विचारलं.

"राहू द्या, मालक."

"काय, नाटकात काम करताय की काय?"

"तसंच काहीतरी," ते म्हणाले. त्या दिवशी त्यांनी काचेकडे बघितलं नाही.

फोटोतला म्हातारा ओतागुरो नावाचा होता हे मला नंतर कळलं. रेल्वे स्टेशनजवळ त्याची बापजाद्यांची जागा होती, मोडकळीला आलेली सराय आणि मागे कापराची जुनी झाडं. तो स्वतः कुठेतरी समुद्राकाठी वृद्धाश्रमात होता. मूलबाळ नाही, कोणाशी बोलणं नाही. साएगुसा आणि तिची माणसं त्याची जागा त्याच्या नावानं विकणार होती आणि त्यासाठी त्यांना एक ओतागुरो हवा होता. बाकी सगळं त्यांनी बनवलं होतं, ओळखपत्र, कागद, शिक्कासुद्धा. माणूस मात्र बनवता येत नाही, तो शोधावा लागतो.

"खोटं आहे हे मला कळत होतं," कुसाकासाननी मला नंतर सांगितलं. "कळत नव्हतं असं मी कोर्टातही म्हटलं नाही. ती म्हणाली, नदी दिसते ती जागा मिनेला मिळेल. मला एवढंच ऐकू आलं."

त्यांनी सगळं पाठ केलं. ओतागुरोचा जन्म, शाळा, आईचं नाव, लहानपणी विहिरीत पडलेल्या कुत्र्याचं नाव. एकदा साएगुसानं त्यांना ती जागा दाखवायला नेलं. पत्र्याच्या कुंपणाच्या फटीतून त्यांनी आत बघितलं. झाडाखाली पानं साचलेली. तिथे उभं असताना आपल्या मनात काय आलं, तेही त्यांनी सांगितलं: एवढी मोठी जागा, आणि त्या मुळाशी एक कोपरा, कलश मावेल एवढाच. कोणाला कळलंही नसतं.

सौद्याच्या दिवशी ते चांगला कोट घालून गेले. एका उंच इमारतीत लांबलचक टेबल होतं. घेणाऱ्या कंपनीची माणसं एका बाजूला, मधोमध कागद तपासणारा वकील. तोही म्हातारा, पातळ केसांचा. त्यानं ओळखपत्र उजेडात धरलं. आईचं नाव विचारलं, ते बरोबर आलं. सरायच्या अंगणात काय होतं, विचारलं.

"विहीर," कुसाकासान म्हणाले. "आमचा कुत्रा तीत पडला. तेव्हाच बुजवली."

घेणाऱ्यांपैकी एकानं चुकचुक केली. साएगुसानं खाली बघितलं. सगळं सुरळीत चाललं होतं.

मग शिक्के. कंपनीच्या अध्यक्षाचा डाव्या चौकटीत आधीच उमटलेला होता, टपोरा, लालभडक. कुसाकासाननी ओतागुरोचा शिक्का उचलला. इतकी वर्षं रोज जे केलं तेच हातानं केलं. शाई घेतली, किंचित थांबून दाबला, उचलला.

वकील त्या कागदाकडे बघत राहिला. डावीकडे कंपनीचा शिक्का ताठ उभा होता आणि त्याच्या शेजारी जमिनीचा मालक कमरेत वाकून उभा होता.

ओतागुरोनं जन्मात कोणाची नोकरी केली नव्हती. ते कागदपत्रांतच लिहिलेलं होतं.

वकिलानं चष्मा काढला. दरडावलं वगैरे नाही. जुना सहकारी स्टेशनवर भेटावा तसं त्यानं विचारलं, "आपण कोणत्या विभागात होतात?"

कुसाकासान उठून उभे राहिले. "ठेव विभागात, साहेब," ते म्हणाले, आणि वाकले.

"का बोललात?" मी त्यांना नंतर विचारलं.

"इतक्या वर्षांत कोणी विचारलंच नव्हतं, मालक."

साएगुसा फोन आला म्हणून बाहेर गेली ती आजतागायत कोणाला दिसलेली नाही. कुसाकासान खुर्चीत बसून राहिले. पोलीस येईपर्यंत त्या वकिलानं त्यांना चहा मागवला.

चौकशीत त्यांनी एकच मागणं केलं. "घरमालक खोली रिकामी करील, त्याआधी माझ्या बायकोला कोणीतरी तिथून काढा." पोलिसांनी कोण काढील विचारलं तर माझ्या दुकानाचं नाव सांगितलं. मी गेलो. खोलीत स्टुलावर कलश होता आणि शेजारी स्मशानांच्या चित्रांचा घड्या घातलेला गठ्ठा. कलश मी छातीशी धरून आणला. वाटेत मोगामी भेटला.

"काय, खरबूज का?" त्यानं विचारलं.

"मिनेसान आहेत," मी म्हटलं, आणि त्यानं टोपी काढली.

दोन हिवाळे ती माझ्या वरच्या खोलीत, माझ्या आईच्या देव्हाऱ्याशेजारी राहिली. पुन्हा दुसऱ्याच्या घरी.

कुसाकासान सुटून आले तेव्हा त्यांचं डोकं तुरुंगात भादरलेलं होतं आणि कोट अंगावर लोंबत होता. ते येऊन खुर्चीत बसले.

"कापायला काही ठेवलंय का तुमच्याकडे?" मी म्हटलं.

"कान बघा," ते म्हणाले. "तिला आवडणार नाही."

मी रिकाम्या कानांभोवती कात्री फिरवली. मग ते म्हणाले, "मालक, बस झालं आता. माझी छाती फार दिवस चालणार नाही, डॉक्टर म्हणालेत. मी गेल्यावर तिला कोणी कुठेही टाकेल. त्यापेक्षा मीच ठेवून येतो."

मंदिर डोंगरउताराला होतं. तरुण भिक्षूनं आम्हाला कागद वाचून दाखवला: एकदा अस्थी सार्वजनिक समाधीत मिसळल्या की परत मागता येणार नाहीत. कबूल असेल तर इथे शिक्का. कुसाकासाननी खिशातून डबी काढली. त्यांचा स्वतःचा शिक्का, साधा, लाकडी. आम्हा दोघांनाही एकाच वेळी त्या टेबलाची आठवण झाली असावी, कारण त्यांनी हात मागे घेतला. बोटं सरळ केली. श्वास धरला. मग मान हलवली आणि नेहमीसारखा दाबला.

शिक्का डावीकडे कलला. डावीकडच्या चौकटीत लिहिलं होतं, मृताचं नाव, कुसाका मिने.

ते त्या कागदाकडे बघत राहिले. भिक्षूला घाई होती, त्यानं कागद ओढून घेतला.

दगडी झाकण सरकवलं. आत अंधार होता. अस्थी ओतल्याचा आवाज एखाद्या पिशवीतून शिंपले ओतावेत तसा झाला, आणि थांबला. कुसाकासान वाकून आत बघत होते. "कुठल्या बाजूला गेली?" त्यांनी विचारलं.

"आत सगळे एकत्रच आहेत, काका," भिक्षू म्हणाला.

कुसाकासाननी शिक्क्याचं तोंड कागदानं पुसलं, डबीत ठेवला, डबी खिशात. रिकामा कलश भिक्षूनं परत मागितला तो त्यांनी दिला नाही. कापडात बांधून छातीशी धरला.

"चला," ते मला म्हणाले. "तुम्हाला दुकान उघडायचं असेल."