आधी रद्दचा मेसेज

आमच्या अंधेरीच्या ऑफिसात सॉफ्टवेअर तपासणारी चार माणसं, आणि त्यांना कामाला लावणारी मी. काम होतं डायलिसिसची वेळ ठरवून देणाऱ्या नव्या ॲपचं. मशीन बंद पडून वेळ रद्द झाली की पेशंटला लगेच मेसेज जायला हवा. आधी सेंटरवाले फोन करायचे, आता सगळी भिस्त ॲपवर. म्हणून फळ्यावर मी मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: आधी रद्दचा मेसेज, मग बाकी सगळं.

आमच्यातल्या एका मुलीचे वडीलच मुलुंडच्या सेंटरवर डायलिसिसला जायचे. तिला वेगळं समजवायला लागलं नाही. ते काम तिनेच मागून घेतलं. 'मेसेज माझा चेडू तपासता', म्हणजे माझी पोरगी तपासते, असं तिचे मालवणी बाबा सगळ्यांना सांगायचे.

पण आमचे साहेब! घटकाभर झाली की दारात हजर. "अगं, दोन मिनिटं फक्त. बटणाचा रंग बघून घे ना." मग लोगो. मग गणपतीच्या शुभेच्छांचं चित्र. मी म्हणायचे, "सर, रद्दचा मेसेज राहिलाय." ते म्हणायचे, "ते पण अर्जंट आहे, हे पण अर्जंट आहे." सगळंच अर्जंट म्हटल्यावर मी पोरांना काय सांगणार, कपाळ? चिडून त्या ओळीखाली आणखी एक रेघ मारायचे. रेघांनी काय होतंय! पगारवाढ साहेबांच्या हातात, पोरं त्यांचंच ऐकणार.

डेमोच्या दिवशी तर कहर झाला. तपासणीसाठी रद्दचे मेसेज आमच्याच फोनवर यायचे, ते नेमके क्लायंटसमोर वाजायला लागले. साहेब ओरडले, "बंद करा रे ते आधी!" केले बंद. डेमो झकास झाला. नंतर मेसेज पुन्हा चालू करून तपासायला ती मुलगी बसलीसुद्धा, तेवढ्यात साहेबांची 'दोन मिनिटं' आली. मी नको नको म्हणत असताना त्याच संध्याकाळी ॲप लोकांच्या हातात गेलं. मेसेज बंदच राहिले.

पुढच्याच आठवड्यात मुलुंडच्या सेंटरवरच्या सिस्टरचा त्या मुलीला फोन आला. तिने तो स्पीकरवर टाकला.

"अहो, तुमच्या बाबांना सांगा ना जरा. इथलं मशीन काल रात्रीपासून बंद आहे. त्यांना धाप लागलीय, पाय सुजलेत. घाटकोपरला मशीन रिकामं आहे, गाडी उभी केलीय, पण ते बाकावरून उठतच नाहीयेत."

मागून तिच्या बाबांचा दमलेला, पण ठाम आवाज आला.

"मेसेज येवक नाय म्हणजे मशीन चालू आसा. माझ्या चेडवान तपासल्यान हा."

तिने फोन माझ्यापुढे केला. मी म्हणाले, "बाबा, मेसेज आम्हीच बंद ठेवलेत. उठा, गाडीत बसा."