गावचा जावई चालेल

आमच्या गावच्या फुटबॉल संघाचे मॅनेजर म्हणजे माझे धाकटे दीर. भावजी आयुष्यभर एसटीत कंडक्टर होते. निवृत्त झाले आणि त्यांनी संघ हातात घेतला, तेव्हापासून संघही एसटीसारखाच चालतो. भावजी रेषेबाहेर उभे राहून ओरडतात, “पुढं सरका, पुढं सरका!” आणि पोरं पुढे सरकतात. सगळीच सरकतात. मागे गोलकीपर एकटा उरतो, झोप लागून स्टॉप चुकलेल्या प्रवाशासारखा.

मी या संघाची पाठीराखी. उन्हाळ्यात येडगाव धरणाचं पाणी मागे हटतं आणि काठाला सपाट जागा उघडी पडते, तिथे पोरं चुन्याच्या रेघा मारून मैदान करतात. घरची प्लास्टिकची खुर्ची उचलून तिथे जाऊन बसणारी गावातली म्हातारी मी एकटीच. बाकीच्या म्हणतात, हिला काय कळतंय. मला सगळं कळतं. आमचा गोलकीपर डेअरीवर दुधाचे कॅन उचलतो. खांदे भक्कम, पण कॅन काही आपणहून अंगावर उडी घेत नाही, त्यामुळे चेंडू आला की पोरगं दचकतं. मागे खेळणारा ट्रॅक्टर चालवतो. सरळ लई भारी जातो, वळायला मात्र त्याला बांधापर्यंत जागा लागते. आणि पुढचा, जो गोल मारायला ठेवलाय, त्याच्या बायकोचा फोन सामना चालू असताना येतो आणि तो घेतो.

मी संशयी आहे असं घरात सगळे म्हणतात. बरोबरच आहे. पण मी अशी जन्मले नव्हते, मला तशी केली.

मला बघायला पाहुणे आले तेव्हा मी नुसती साधी नव्हते, बावळट होते. मान खाली घालून बसायचं असं आईने बजावलेलं, म्हणून मी नवऱ्या मुलाचे फक्त पाय पाहिले. पायांत कोऱ्या चामड्याच्या वहाणा, चालताना करकर वाजणाऱ्या. मी मनात म्हटलं, घर भारी दिसतंय. तेवढ्यावर होकार दिला. लग्नानंतर अंगाची हळद उतरली नव्हती, तेव्हा आमचं जुळवणारे मध्यस्थ जेवायला आले, आणि त्यांच्या पायांत त्याच वहाणा! मी धावत आत गेले आणि नवऱ्याला सांगितलं, “अहो, तुमच्या वहाणा चोरल्या त्यांनी!” ते हसून हसून भिंतीला टेकले. बेल्ह्याच्या बाजारात मेंढरू घेतानासुद्धा माणूस तोंड उघडून दात बघतो, आणि आमची ही मेंढरं वळणाऱ्या घरातली हुशार पोरगी उसन्या वहाणा बघून नवरा घेऊन आली. माणूस चांगला निघाला, पण तो नशिबाचा भाग. परीक्षेत मी नापासच. त्यानंतर कुणी काही दाखवलं की हे नक्की कुणाचं, असा प्रश्न मला आधी पडतो.

तर आमच्या संघाची खरेदी. नात मला फोनवर परदेशी क्लबांचे सामने दाखवते, त्यात खेळाडू या संघातून त्या संघात जातात त्याला ट्रान्सफर म्हणतात. त्याला ठरावीक मुदत असते, कागद होतात, सह्या होतात. आमच्याकडे भावजींना तेवढा दम नव्हता. ते स्पर्धेच्या आदल्या दिवशी कुठून तरी दोन दांडगी पोरं आणायचे आणि सांगायचे, “गावचे भाचे हायेत.” गेल्या वर्षी तर एवढे भाचे आले की मी विचारलं, “भावजी, गावाला एवढ्या बहिणी व्हत्या कधी?” त्यातल्या एकाला मी त्याच्या आजोळचं आडनाव विचारलं, तर तो म्हणाला, “मॅनेजरला विचारून सांगतो.”

अशी सगळ्याच गावांची रड. म्हणून यंदा स्पर्धेच्या कमिटीने नियम केला. नातीने तो मला ग्रुपवरून वाचून दाखवला: खेळाडूचं आधार कार्ड त्याच गावचं पाहिजे, भाचे आणि पाहुणे चालणार नाहीत. शेवटी एक ओळ होती. गावचा जावई चालेल. कमिटीत सगळे म्हातारे. जावयाला बाहेरचा म्हणायची त्यांची छाती झाली नसणार.

नियम आला आणि त्याच आठवड्यात भावजी माझ्या नातीसाठी स्थळ घेऊन आले.

ही माझ्या थोरल्या मुलाची मुलगी. नारायणगावला माती तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरी करते, स्कूटीवर जाते-येते. आजवर तिच्या लग्नाचा विषय काढला की भावजी “बघू की” म्हणून चहा मागायचे. आणि आता स्वतः ओसरीवर बसून मुलाचं वर्णन करत होते.

“बेल्ह्याकडचा हाय. टोमॅटोच्या रोपांची नर्सरी हाय, घरची बागायत हाय, पोरगा निर्व्यसनी, डाव्या पायानंबी मारतो.”

“काय मारतो?” मी विचारलं.

भावजींनी टोपी नीट केली. “किक. गाडीला.”

“गाडीची किक उजव्या बाजूला असती, भावजी.”

माझा मुलगा आणि सून हसले, विषय पुढे गेला. मी मात्र तिथेच अडकले. बेल्ह्याकडचा डावखुरा मी ओळखून होते. गेल्या वर्षी त्याने आमच्यावर गोल मारले होते आणि भावजी घरी येऊन जेवले नव्हते. नंतर नातीने आणखी एक बातमी दिली, भावजींनी कमिटीला विचारून ठेवलं होतं की जावई कधीपासून धरायचा. कमिटी म्हणाली, सुपारी फुटली की जावई. आणि भावजी म्हणत होते सुपारी स्पर्धेच्या आधी फोडू, मुहूर्त चांगला आहे.

एका उन्हाळ्याच्या गोलांसाठी हा माणूस माझ्या नातीचा जन्म देऊन टाकणार! संघाला पुढचा खेळाडू हवा, म्हणून पोरीला नवरा. स्पर्धा संपल्यावर याचा फुटबॉल संपेल, तिचा संसार मात्र तेव्हाच सुरू व्हायचा.

मुलगा बघायला आला तेव्हा मी मान खाली घातली नाही. उलट त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसले. पोरगा उंच, सावळा, पोह्यांतले शेंगदाणे बाजूला काढणारा. हे मी मनात टिपलं. नात चहा घेऊन आली. आता अनोळखी पोरं-पोरी अशा वेळी चोरून एकमेकांना बघतात. ही दोघं बघतच नव्हती. ती कपाकडे, तो छताकडे. मला वाटलं, झालं, पोरीला पसंत नाही आणि बिचारी बोलत नाही.

“फुटबॉल का खेळता?” मी त्याला विचारलं.

“आवडतं, आजी.”

“कुणाकडनं?”

“आमच्या गावाकडनं.”

“आणि सुपारी फुटल्यावर?”

भावजींना ठसका लागला. सुनेने पाणी दिलं. पोरगा शेंगदाणे बाजूला काढत राहिला.

“माझी एकच अट हाय,” मी म्हणाले. “पोरगी पसंत असंल तर आनंद हाय. पण सुपारी स्पर्धा झाल्यावर.”

“वहिनी, मुहूर्त...” भावजी पुटपुटले.

“मुहूर्त धरणासारखा नसतोय, आटत न्हाई. पुढं बी निघंल.”

पोरगा लगेच म्हणाला, “चालंल की, आजी.”

इतक्या लगेच? एवढी मोठी अट, आणि घास गिळायच्या आत होकार. म्हणजे यात काही तरी दुसरं आहे. मी रात्रभर तेच घोळवत बसले नाही, खोटं कशाला सांगू, चांगली झोपले. पण सकाळी उठल्या उठल्या संशय पायथ्याशी बसलेलाच होता.

नात मात्र फुगली. स्वयंपाकघरात भांडी आपटत म्हणाली, “आजी, तू कशाला खोडा घातलास?”

“तुझ्यासाठीच. त्यांना गोल पायजेत, तू न्हाई.”

“आणि तुला कसं कळलं मला काय पाहिजे ते?”

मी मनात म्हटलं, मुलगी लाजून असं बोलते. मला सगळं कळतं ना!

स्पर्धेत आमची गाठ पडली ती सेमीफायनलला, आणि त्या पोराच्या संघाशीच. मैदानावर सगळी वस्ती लोटलेली. एक पोरगा फोन काठीला बांधून सामना इंटरनेटवर दाखवत होता, दुसरा माईकवरून बोलत होता, “मॅनेजर साहेब पुन्हा म्हणतायत पुढं सरका, आणि संघ सरकलेला हाय राव, संघ पार धरणात सरकलेला हाय!” मी खुर्चीत, नात माझ्या शेजारी उभी. आमच्या ट्रॅक्टरवाल्याने त्या दिवशी जीव काढून खेळ केला. तो डावखुऱ्याला चिकटून राहिला, वळला सुद्धा. आमच्या पुढच्याने फोन बायकोकडेच ठेवला होता. दोन्हीकडे गोल नाही.

आणि अगदी शेवटाला आमच्या ट्रॅक्टरवाल्याने गोलच्या तोंडाशी त्या पोराला आडवा पाडला. रेफरीने शिट्टी मारली. पेनल्टी.

चेंडू ठेवला त्यानेच. माझ्या नातीचा होणारा, किंवा न होणारा, नवरा.

आमच्या बाजूचे ओरडायला लागले, “पावणं, बाहेर मारा! सासुरवाडी हाय!” कुणी म्हणालं, “जावईबापू, आहेर मोठा करू!” माईकवाला म्हणाला, “एकीकडं गाव, एकीकडं बोहलं!” भावजी तर हात जोडूनच उभे होते. देवाला की पोराला, ते कळत नव्हतं.

आणि मी? मी आमच्या संघाची पाठीराखी, मला चेंडू बाहेर जायला हवा होता. पण बाहेर गेला तर? तर हा गडी एका पोरीसाठी आपलं गाव विकणारा निघाला. आज गाव विकलं, उद्या तिला विकेल. आणि खरंच चुकला तरी मला आयुष्यभर कळणार नाही की चुकला की चुकवला. घरी जेवायला बसेल, मी त्याला वाढीन, आणि दर घासाला मला तो चेंडू दिसेल. त्याने तो आत मारला तर आम्ही हरलो. शेजारी बघितलं तर नातीने ओढणीचं टोक दातांत धरलेलं.

पोराने आमच्याकडे बघितलं नाही. चार पावलं मागे गेला, धावत आला आणि डाव्या पायाने असा मारला की गोलकीपर दचकायच्या आत चेंडू जाळीत.

मी ताडकन उभी राहिले. “मेल्या!” मी ओरडले. “मुडद्या! हातभर बाहेर मारला असता तर तुझं काय जात व्हतं!” ते माईकवर गेलं असावं, कारण सगळं मैदान हसलं. आणि शेजारी नात हसत होती. नुसती हसत नव्हती, तिचे डोळे भरले होते. आमचं गाव हरत होतं आणि माझी नात टाळ्या वाजवत होती.

मग मला गेल्या वर्षभरातली एक गोष्ट एकदम आठवली. ती घरी येऊन हसत सांगायची, एक नर्सरीवाला पुन्हा पुन्हा त्याच वावराची माती तपासायला घेऊन येतो.

“त्या नर्सरीवाल्याची माती,” मी तिच्याकडे वळून म्हणाले, “कशी निघाली गं?”

“चांगली आहे,” ती म्हणाली. डोळे पुसले. “आजी, बाबांना मी सांगितलं असतं तर आधी चौकशा, मग कुंडली, मग मामा रुसणार. धाकट्या आजोबांना नुसतं म्हटलं, तो डावखुरा तुम्हाला हवाय ना, मग जावई करून घ्या. आठवड्यात स्थळ आलं की नाही?”

म्हणजे भावजींवर संशय घेतला, पोरावर घेतला, कमिटीवर घेतला, आणि जिच्यासाठी हे सगळं केलं तिच्यावर घ्यायचं मला सुचलं नाही. त्या पोराने लगेच “चालंल” का म्हटलं तेही कळलं. त्याला मुळात आमच्याकडून खेळायचंच नव्हतं. माझी अट त्याच्या पथ्यावर पडली होती.

एवढ्यात भावजी आले. टोपी हातात चुरगाळलेली, चेहरा लाल.

“वहिनी, हे स्थळ आपल्याला न्हाई चालायचं. आजच निरोप धाडतो. ज्याला सासुरवाडीची कदर न्हाई...”

“कसली कदर?” मी म्हणाले. “पोरगं समद्या मैदानासमोर तुमच्याकडं पाठ करून उभं राहिलं, भावजी. तुमी हात जोडले तरी हाललं न्हाई. असलं पुन्हा कुठं घावणार?”

“आवो पण आपुन हरलो की!”

“आपुन काय, दरवर्षी हरतो. भाचे आणून बी हरलो.”

सामना संपला होता. पोरगा दुरून येत होता, गुडघे मातीने भरलेले, आणि पाया पडावं की पळून जावं हे त्याला ठरवता येत नव्हतं. मी त्याला शिवी दिलेली त्याने ऐकली होती. नात मात्र एक पाऊलसुद्धा मागे सरली नाही.

“भावजी, सुपारी आणायला पाठवा कुणाला तरी.”

भावजींनी इकडेतिकडे बघितलं. मग हळूच सदऱ्याच्या खिशात हात घातला आणि रुमालात बांधलेली सुपारी काढली. स्थळ आणल्यापासून हा माणूस ती खिशात घेऊन फिरत होता.

“आत्ता फोडली,” त्यांनी सुपारी मुठीतच धरून विचारलं, “तर त्यो फायनलला आपल्याकडनं चालंल का, वहिनी?”

“फायनलला आपण हाये कुठं, भावजी?”

त्यांनी एकदा मैदानाकडे बघितलं. मग त्यांनी मूठ उघडली.