एका लेकरासाठी बाटली

भूम तालुक्यातल्या आमच्या गावात मी आशा सेविका म्हणून काम करते, त्याला आता बरीच वर्षं झाली. ओढ्यापलीकडच्या वस्तीतली बहुतेक घरं ऊसतोडीला जाणारी. दसरा झाला की ट्रॅक्टर येतात, माणसं, कोंबड्या, भांडीकुंडी, लेकरं सगळं त्यात भरलं जातं आणि दारांना कुलपं लागतात. पाडव्याच्या सुमाराला माणसं परत येतात. मधल्या सहा महिन्यांत त्यांच्या लेकरांच्या लसीचं काय करायचं, हे मला आजवर कुणी नीट सांगितलेलं नाही.

त्या वस्तीतल्या एका सुनेचं पहिलं बाळंतपण मीच करून आणलं. म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात मी तिच्याबरोबर होते. मुलगी झाली. जन्मल्या दिवशीच्या लसी तिथंच झाल्या, कार्ड भरलं गेलं. ते कार्ड मी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तिच्या हातात दिलं आणि म्हटलं, "हे हरवू नको. आता दीड महिन्याला परत यायचं."

दीड महिना पुरा व्हायच्या आधीच ट्रॅक्टर आला. मुलगी उसाच्या फडावर गेली. तिकडं कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, सहा महिने राहिली. लस द्यायला तिकडं कुणी फिरकलं नाही.

त्याच सुमाराला माझ्या भावाला धाराशिवात मुलगी झाली होती. दोघींच्या वयात आठ-दहा दिवसांचं अंतर. भाऊ नोकरीला, वहिनी शिकलेली. त्यांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यातून मोबाईलवर मेसेज यायचा, अमुक तारखेला अमुक डोस. आदल्या दिवशी पुन्हा फोन. एकदा मी गेले तेव्हा वहिनीनं मला फाईल दाखवली, पानापानावर ससे आणि हत्ती. ती म्हणाली, "वन्सं, आता फक्त एक राहिलाय, तो पण पुढच्या आठवड्यात." मला आनंद झाला, का होऊ नये? पण परतताना एसटीत बसल्यावर मला ती दुसरी पोर आठवत राहिली.

पाडव्यानंतर ती माणसं परतली. मी दुसऱ्याच दिवशी वस्तीवर गेले. कार्ड तिनं जपलं होतं, पिशवीसकट. एप्रिलच्या लसीकरणाच्या सत्रात पोरीला पहिली सुई दिली, मे महिन्यात दुसरी. तिची आई न सांगता येऊन बसायची. अंगणवाडीच्या ओट्यावर सगळ्यांच्या आधी तीच असायची.

जूनमध्ये पोर नऊ महिन्यांची झाली. गोवराची लस द्यायची वेळ. त्या दिवशी सत्राला सहा-सात लेकरं होती, पण गोवराच्या वयाची ती एकटीच. नर्सबाईंनी तिला राहिलेली तिसरी सुई दिली, पोलिओचे थेंब पाजले आणि कार्ड मिटलं.

मी म्हटलं, "सिस्टर, गोवराची राहिली की."

"पुढच्या महिन्यात बघू. एका लेकरासाठी बाटली फोडता येत नाही, आशाताई."

गोवराची बाटली एकदा फोडली की चार तासांत संपवायची, उरलेली टाकून द्यायची, हे मलाही माहीत होतं. पण एकच लेकरू असलं तरी बाटली फोडायची, हेही मी प्रशिक्षणात माझ्या कानांनी ऐकलं होतं. मी ते म्हणाले. हळूच म्हणाले, हे खरं.

"वाया गेलेल्या डोसांचा हिशोब मला विचारतात. तुम्हाला नाही," त्या म्हणाल्या आणि लसीचा निळा डबा बंद केला.

त्या वाईट बाई नव्हत्या. पाच गावं त्यांच्या एकटीच्या अंगावर होती, दुसऱ्या नर्सची जागा कधीपासून रिकामी. पण त्या दिवशी त्यांनी बाटली फोडली नाही आणि मी भांडले नाही. नऊ महिन्यांच्या लसीबरोबर डोळ्यांसाठी अ जीवनसत्त्वाचं औषध पाजतात, तेही मग तसंच राहिलं.

आई मला म्हणाली, "मंग म्या पुढल्या महिन्यात येऊ का, ताई?"

"ये," मी म्हटलं.

जुलैत सत्रच झालं नाही. नर्सबाईंना दुसरीकडं ड्युटी लागली. निरोप आला तेव्हा सहा बाया लेकरं घेऊन ओट्यावर बसलेल्या. ही त्यात होतीच. त्या दिवसाची मजुरी सोडून आलेली. ऑगस्टमध्ये पोरीला ताप होता, नर्सबाई म्हणाल्या, ताप उतरू द्या. सप्टेंबरच्या सत्राला नवरा-बायको बार्शीकडं सोयाबीन काढायला गेलेली. मी आरोग्य केंद्रात जाऊन विचारलं, मधल्या एखाद्या दिवशी वस्तीवर येता येईल का? उत्तर मिळालं, लेखी द्या. मी लेखी दिलं. त्याचं काय झालं ते मला कुणी सांगितलं नाही. आणि ऑक्टोबरात ट्रॅक्टर आला.

संक्रांतीच्या आधी एका सकाळी तिचा फोन आला. मी चुलीपाशी होते.

"ताई, पोरीच्या अंगावर बारीक बारीक उठलंय. डोळं उघडीना. सासू म्हणती, देवी आलीया, दवाखान्यात न्यायचं न्हाय. लिंबाचा पाला बांधलाय."

"किती दिवस झाले?"

"चार."

"श्वास कसा घेतीय?"

फोन धरूनच ती पोरीपाशी गेली. मग म्हणाली, "लई जोरात. छाती आत जातीया."

मी ओरडलेच. म्हटलं, आत्ताच्या आत्ता उचल आणि दवाखाना गाठ. ती म्हणाली, मुकादम म्हणतोय उसाची गाडी भरली की सोडतो. मी मुकादमाशी बोलले. तो पोरीला न्यायला नाही म्हणत नव्हता, फक्त 'जरा थांबा' म्हणत होता. गाडी भरायला दुपार झाली. फुप्फुसात न्युमोनिया उतरला होता. बारा दिवस तालुक्याच्या दवाखान्यात, मग जिल्ह्याच्या. पोर वाचली. उजव्या डोळ्यात फूल पडलं.

त्यानंतरच्या मासिक बैठकीत आमच्या उपकेंद्राचं कौतुक झालं. लसीकरण पूर्ण, एकही बाळ राहिलेलं नाही. टाळ्या वाजल्या. माझ्याही नावानं वाजल्या असतील. मला कळेना, राहिलेलं नाही कसं? मी उठून उभी राहिले.

"साहेब, आमच्या वस्तीतली एक मुलगी राहिली. तिला गोवर झाला. डोळा गेला तिचा."

आरोग्य अधिकारी साहेबांनी कागद चाळले. "तिचं नाव तर यादीत नाही."

"होतं. तुमच्याच माणसानं स्थलांतरित म्हणून काढलं असणार."

"बरोबर आहे मग. केस कुठं झाली? तिकडच्या जिल्ह्यात. ती आपल्यात कशाला धरायची?"

"पोर आपल्या गावची आहे, साहेब. जूनमध्ये ती माझ्यासमोर ओट्यावर बसली होती. तेव्हा तर स्थलांतरित नव्हती ना?"

"आशाताई, तुमची तळमळ समजते," ते म्हणाले. "पुढचा मुद्दा घ्या."

नर्सबाई माझ्या शेजारीच बसल्या होत्या. त्या खाली बघत होत्या. परत येताना आम्ही दोघी एकाच गाडीत होतो. गाव आल्यावर उतरता उतरता त्या म्हणाल्या, "मला झोप लागत नाही." मला त्यांची दया यायला हवी होती. नाही आली. माझी मलाही येत नव्हती.

पाडव्याला ती माणसं आली. वस्तीवर जायला मन घेत नव्हतं, पण गेले. पोर उंबऱ्यात बसून वाटीतली साखर चाटत होती. माझ्याकडं बघायला तिनं मान पूर्ण वळवली, डाव्या डोळ्यासमोर मला आणायला. तिच्या आईनं चहा ठेवला. भांडली नाही, रडली नाही. कप माझ्या हातात देताना एवढंच म्हणाली, "ताई, म्या तर आले हुते ना? लागोपाठ तीन खेपा आले हुते."

"व्हय," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार? बैठकांत, फलकांवर, भिंतीवरच्या पोस्टरांत कायम हेच सांगतात की लोक अडाणी आहेत, लसीला घाबरतात, त्यांना समजावून सांगा. मी वर्षानुवर्षं दारोदार समजावत फिरले. हिला काही समजवायचं नव्हतं. ती आली होती.

तिला पुढं दुसरी मुलगी झाली. यंदा दसऱ्याला ट्रॅक्टर आला तेव्हा मी स्वतः रस्त्यावर जाऊन उभी राहिले. कुठल्या लसी कधी, ते कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दिलं. तिकडच्या आरोग्य केंद्राचा नंबर चार ठिकाणी फोन करून मिळवला होता, तो दिला. नवऱ्याच्या मोबाईलमध्ये तारखा टाकल्या. हे माझं काम आहे का, मला माहीत नाही. माझ्या वहीत त्याला रकाना नाही.

मागच्या महिन्यात दुपारी जेवताना तिचा फोन आला. ती तिकडच्या सत्राला लेकराला घेऊन गेली होती.

"ताई, हितल्या बाई म्हणत्यात, तुमचं नाव आमच्यात न्हाय. गावाकडं गेल्यावर घ्या."

"त्यांच्याकडं फोन दे."

पलीकडं कुणी माझ्यासारखीच दमलेली बाई होती, आवाजावरून कळत होतं. मी आधी नीट सांगितलं. मग विनवलं. त्याही यादीवरच अडून राहिल्या, तेव्हा माझा आवाज चढला. म्हटलं, कुठल्याही गावचं लेकरू कुठंही लस घेऊ शकतं, हा नियम आहे, तुम्ही नाही म्हणत असाल तर तसं कागदावर लिहून द्या, तुमच्या नावानिशी. मी त्या जूनमध्ये ज्या आवाजात बोलायला हवं होतं त्या आवाजात आत्ता बोलत होते, शंभर कोसांवरच्या एका अनोळखी बाईशी.  मग फोन कट झाला.

पाऊण तासानं पुन्हा वाजला.

"दिली, ताई. लई रडली. आता गप झालीया."

"बरं झालं," मी म्हटलं. "आणि तुमच्या कोप्यांवरची बाकीची लेकरं? त्यांना दिली का?"

"न्हाय. तीन बाया माझ्यासंगं आल्या हुत्या, परंड्याकडच्या, बीडकडच्या. त्यांना परत लावून दिलं." मग म्हणाली, "त्यांच्या गावच्या ताईंचा नंबर न्हाय त्यांच्याकडं."