मुलीचा आवाज

झेंडूचा वास आला की मला अमरावतीच्या कौटुंबिक न्यायालयातली मुलांची खोली आठवते. मी तिथे समुपदेशक होते आणि विभक्त आईबापांच्या आपल्या मुलांशी होणाऱ्या भेटी माझ्यासमोर व्हायच्या. एका दुपारी चांदूर रेल्वेकडचा एक फुलशेतीवाला, कपड्यांना झेंडूचा वास घेऊन, आपल्या सहा वर्षांच्या लेकीला भेटायला आला. त्याने बाहुली पुढे केली, तर मुलगी मान तिरकी करून थेट आईच्या आवाजात म्हणाली, “तुमी आमाले सुखानं जगू देलं नाही.” बापाने बाहुली मागे घेतली. वेळ संपल्यावर आई न्यायला आली, तेव्हा तीच मुलगी बापाच्या घोगऱ्या आवाजात तिला म्हणाली, “तूनंच पोरीले माह्यापासून तोडलं.” मी तिला जवळ घेऊन हळूच विचारलं, “बाळा, तुला स्वतःला काय वाटतं?” तिने माझ्याकडे शांतपणे पाहिलं आणि हुबेहूब माझ्या आवाजात मलाच विचारलं, “बाळा, तुला स्वतःला काय वाटतं?” त्या दिवशी तिचे आईबाप पहिल्यांदाच न भांडता जिना उतरले. पुढे त्यांचं भांडणही निवळलं म्हणे. पण त्या मुलीचा स्वतःचा आवाज कसा होता, हे मला आजही माहीत नाही.