देवीच्या नावाचा नाडा

मी संशयी बाई आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कुणी माझी कड घ्यायला जाणार नाही. कुणी मला चांगलं म्हटलं की माझ्या मनात पहिला प्रश्न येतो, हिला माझ्याकडून काय हवंय? हा स्वभाव घेऊन मी लग्नानंतर पडले ती तामलवाडीच्या शिवारात, फुलं पिकवणाऱ्या घरात, निजामाच्या राज्याच्या अगदी कडेला. मळ्यापासून कोसभरावर करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका होता. त्याच्या पलीकडं इंग्रजांचा मुलूख आणि सोलापूरचा फुलबाजार, अलीकडं आम्ही. नाक्यावरचा शिपाई आमच्या शेवंतीच्या पाट्यांत कोपरापर्यंत हात घालून ढवळायचा, खाली काही लपवून नेताय का हे बघायला. तिथंही सगळा कारभार संशयाचाच होता.

त्यामुळं आमच्या घरात फूल पारखायची रीत जगावेगळी होती. रंग आणि वास मागाहून. आधी सासरे स्वतः पाटीत हात घालून फुलं खसाखसा ढवळायचे. पाकळ्या गळल्या की ते झाड बाद. "देवीच्या गळ्यात जायाच्या आधी शिपायाच्या हातातनं जायाचं हाय," असं ते म्हणायचे. मोतीबिंदूनं त्यांचे दोन्ही डोळे अधू झाले होते. पिवळं आणि पांढरं त्यांना सारखंच दिसायचं. पण बोटांत नजर होती. देठ चाचपून ते सांगायचे, ही उद्या मान टाकणार.

शेवंती कुणी बियांपासून करत नाही. फुलं सरली की झाडाच्या मुळाशी फुटवे येतात, ते काढून लावायचे, म्हणजे जशी आई तशी लेक. बियांचा भरवसा नसतो. माझे वडील मात्र बेंबळीला हौसेनं बी धरायचे. चारदोन फुलं झाडावरच वाळू द्यायची आणि संक्रांतीनंतर ती चोळून बी काढायचं. "बी आईवर जात न्हाय, बापावर जात न्हाय," ते म्हणायचे, "पन एखादं रोप असं निघतं की बगतच बसावं." लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी गेले तेव्हा त्यांनी मला बियांची पुरचुंडी दिली. ती पदराला बांधून मी सासरी आणली. त्याच उन्हाळ्यात वडील गेले. भावाला फुलांचं वेड नव्हतं, त्यानं मळ्यात तूर टाकली. तसलं बी आता जगात कुठं उरलं नव्हतं, जे होतं ते माझ्याजवळ.

सासऱ्यांनी विहिरीजवळचा एक वाफा मला दिला. "एक साल," ते म्हणाले. "त्यातलं एकच झाड ठेवीन. बाकीची उपटून कांदा लावायचा. कोन्तं ठेवायचं ते तूच ठरीव, तुझ्या बापाचं बी हाय." मग त्यांनी देव्हाऱ्यातला लाल नाडा काढून दिला. "देवीचं नाव घेऊन ह्यो बांध. म्या चाचपून बघीन. नाडा हाय ते ऱ्हाईल, न्हाय ते जाईल." देवीच्या नावानं बांधलेला नाडा दुसऱ्यानं सोडायचा नाही, सोडला तर पाप लागतं, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

चाळीसएक रोपं आली. मृगात ती वाफ्यात लावली आणि दिवाळीच्या तोंडावर कळ्या धरल्या. फुलं उमलायला लागली तशी मी हरखले आणि घाबरलेही. दोन रोपं एकसारखी नव्हती. कुठं विटकरी, कुठं मळकट गुलाबी, एक तर अशी पिवळी की हळदीचा हात पुसलेलं फडकं. सासऱ्यांनी बजावलं होतं, "पयलं फूल खोटं बोलतं. तीन तोडे झाल्याबिगर नाडा बांधू नको." मी रोज पहाटे जायची. हुंगायची, हारात टिकेल का म्हणून सुई घालून बघायची, ओल्या फडक्यात दोन दोन दिवस ठेवायची. मावा कुणाला लागतो, कुणाचं देठ वाकतं, सगळं बघायची. तिसरा तोडा होईपर्यंत माझ्या मनात एकच उरली. पाटाच्या कडेची, फिकी पिवळी, मधोमध हिरवट झाक असलेली. पाटीत घालून मी स्वतः शिपायासारखा हात फिरवला, तर एक पाकळी गळली नाही. मला रडू आलं. वडील असते तर नुसते बघत बसले असते, आणि मी त्यांच्याशेजारी बसले असते.

एवढ्यात अक्का आली. अक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. तिचं माहेरही फुलवाल्यांचं, तिच्या भावाचा तुळजापूरच्या वाटेवर मळा होता. ती माझ्या खांद्यावरून वाकून म्हणाली, "ही पिवळी लई गुनाची हाय गं. हीच ठीव."

झालं. तिनं चांगलं म्हटलं आणि माझ्या डोक्यात किडा वळवळला. हिला काय करायचंय? मग आठवलं की गेल्या पंधरवड्यात तिनं तीनदा विचारलं होतं, कोणतं ठेवणार म्हणून. दुसऱ्या दिवशी पिवळीची एक फांदी मोडलेली दिसली. चिमणीनंही मोडली असेल, असं आज वाटतं. तेव्हा मात्र खात्रीच पटली की भावाच्या मळ्यात लावायला हिनं फांदी नेली, आणि आता फुटवेही नेणार. माझ्या बापाचं शेवटचं बी हिच्या भावाच्या वाफ्यात वाढणार!

मग मी शहाणपण केलं. पिवळीला बांधायचा नाडा मी पलीकडच्या ओळीतल्या एका पांढऱ्या रोपाला बांधला. ते फूल बारकं, बिनवासाचं, नजरेत न भरणारं. वाईटही नव्हतं, पण त्यात बघत बसावं असं काही नव्हतं. चोरायचंच तर ते चोरा. उपटायच्या दिवशी पहाटे उठून नाडा पुन्हा पिवळीला बांधायचा, असा माझा बेत होता. देवीची मनातल्या मनात परवानगी काढली. बांधलेला माझा, सोडणार मी, मग पाप कसलं?

दोन-तीन दिवसांनी, मंगळवारी, अक्का खणनारळ घेऊन फुलांच्या गाडीतून तुळजापूरला गेली. ना पुनव, ना कुणाचा नवस. मी विचारलं, "मधीच का?" तर म्हणाली, "असंच." असंच कुणी खणनारळ घेऊन जात नाही. गाडी वळणाआड गेली तशी मी पळतच वाफ्यावर गेले. बघते तर पांढऱ्या रोपावर नाडा नाही. तो पिवळीवर बांधलेला, आणि गाठ माझी नव्हे!

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दुसऱ्याचा नाडा सोडायला हिचा हात धजावला तरी कसा? आणि पिवळीच वाचवायची होती, म्हणजे डोळा तिच्यावरच होता, हे आता आरशासारखं स्वच्छ झालं. भावाला निरोप द्यायलाच ती तुळजापूरला गेली असणार. मी दात-ओठ खात नाडा सोडला आणि पुन्हा पांढऱ्या रोपाला करकचून बांधला. बस म्हटलं आता शोधत.

अक्का संध्याकाळी परत आली. बुधवारी सकाळी ती पाणी आणायला विहिरीवर गेली ती घागर रिकामीच घेऊन आली. तोंड पांढरंफटक पडलेलं. चोरी पकडली गेली म्हणून घाबरली, असं मी स्वतःला सांगितलं आणि त्या दिवशी पोटभर जेवले.

सासऱ्यांनी शुक्रवारी वाफा मोकळा करायचं ठरवलं होतं. मी पहाटे उठून जाणार होते. आणि नेमका त्याच पहाटे मला कावळा शिवला.

चार दिवस बाजूला बसायचं, फुलाच्या वाफ्यात पाऊल टाकायचं नाही. देवीच्या नाड्याला हात लावायचा तर प्रश्नच नव्हता. गोठ्याच्या पडवीत घोंगडी टाकून बसले. तिथून वाफा समोर दिसत होता, हाकेच्या अंतरावर. त्या घरात त्या सकाळी नाडा हलवू शकणारी एकच बाई होती, अक्का. "अक्का, नाडा पिवळीला बांधा," एवढं म्हणायचं होतं. ती दोनदा माझ्यासमोरून गेली. दोन्हीदा शब्द ओठांवर आला आणि मी गिळला. हिलाच सांगायचं? हिलाच?

सासरे वाफ्यात उतरले. तिसरा तोडा होऊन गेलेला, झाडांवर फूल नव्हतं, सगळी रोपं एकसारखी. ते एकेक खोड चाचपत चालले. नाडा नाही, उपट. नाडा नाही, उपट. पाटाच्या कडेशी आले तेव्हा मी उभी राहिले. अक्का बांधावरच होती. तिनं पदर तोंडात कोंबला होता आणि ती पिवळीकडंच बघत होती. मी म्हटलं, ती बोलेल. तिनं काही म्हटलं नाही. मीही नाही. मी बोलले असते तर नाड्याशी खेळ केल्याचं सासऱ्यांपुढं कबूल करावं लागलं असतं. पिवळीचं खोड चाचपून त्यांनी ती मुळासकट उपटली आणि माती झाडून ढिगावर टाकली.

पांढऱ्या रोपाशी आल्यावर त्यांची बोटं नाड्यावर थांबली. "ही व्हय," ते म्हणाले आणि हात जोडले.

दुपारी अक्का माझं ताट घेऊन आली. लांबून सरकवलं आणि तिथंच बसून रडायला लागली.

"म्या पाप केलं गं," ती म्हणाली. "तुझा नाडा चुकून पांढरीला बसला असं वाटलं मला. तुझा जीव पिवळीवर, ते काय मला दिसत न्हाय? बापाचं बी ते. मामास्नी तर काय दिसतंय? तुला इचारावं, तर तू अशी बघतीस माझ्याकडं की बोलायचं धाडस व्हत न्हाय. म्हनून म्याच सोडला अन् पिवळीला बांधला. देवीचा नाडा सोडला, म्हनून मंगळवारी जाऊन खणनारळ वाहून माफी मागून आले. अन् येऊन बघती तर नाडा परत पांढरीला! आईनं सवता हलवला गं. तिला पांढरीच पायजे व्हती. म्या मधी पडले."

मी ताट पुढं ओढलं. एका वाक्याचं काम होतं. नाडा मी हलवला, तुमच्यावर संशय होता म्हणून हलवला. मला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा भीती जास्त वाटली. मी म्हणाले, "असंल."

चौथ्या दिवशी न्हाऊन मी आधी ढिगाकडं गेले. पिवळी सापडली. मुळं वाळून दोरीसारखी झाली होती. तरी लावली, आठ दिवस पाणी घातलं. आली नाही. अक्कानं पाच मंगळवार धरले. अन्नाचा कण नाही, नुसतं पाणी. त्या पाचही मंगळवारी मी तिच्यासमोर बसून जेवले.

पांढरी मात्र फोफावली. ढवळली तरी गळायची नाही. नाक्यावरून धडधाकट जायची. पुढं निजाम गेला, नाकाही गेला, तरी आमच्या मळ्यात तीच राहिली. शिवारात तिला देवीची शेवंती म्हणायला लागले. अक्का आंघोळ केल्याशिवाय तिला हात लावायची नाही. माझी मुलं मोठी झाली ती अक्काच्या मांडीवर ही गोष्ट ऐकत, की देवी रात्रीतून वाफ्यात कशी उतरली आणि आपल्या हातानं नाडा कसा सोडून बांधला. फार छान सांगायची ती. गोष्ट संपली की मुलं माझ्याकडं वळून विचारायची, "खरं का गं आई?"

अक्काही माझ्याकडं बघायची. आणि मी म्हणायची, "व्हय रे. खरं हाय."