किकऑफला मी कुठे बघत होतो

आमच्या इमारतीखाली गवत कापणारं यंत्र फिरलं की त्या ओल्या वासाने मला एक सामना आठवतो. तेव्हा मी सिंगापूरच्या जुरोंग आयलंडला नोकरी करायचो आणि सुट्टीच्या दिवशी अमेरिकन फुटबॉलच्या हौशी सामन्यांत पंच म्हणून उभा राहायचो. किकऑफला, म्हणजे खेळ सुरू करणाऱ्या लाथेने, बॉल उंच उडाला की सगळ्यांच्या नजरा त्याच्यामागे जातात, पण मुख्य पंचांनी मला बजावलं होतं, "बॉल आम्ही बघू, तुम्ही तुमच्या बाजूची माणसं बघा." त्या दुपारी बॉल घेतलेला खेळाडू पलीकडच्या कडेने सुसाट सुटला, प्रेक्षक ओरडायला लागले आणि मान वळवायचा मला फार मोह झाला. तेवढ्यात माझ्यासमोर त्याच्याच संघातल्या एकावर कुणीतरी मागून विनाकारण आदळलं. तो कोसळला, उठेना. मी फाउलचा पिवळा रुमाल फेकला, धावत गेलो आणि डॉक्टर येईपर्यंत त्याचा हात धरून बसलो. डोळे उघडून त्याने विचारलं, "अंकल, वी स्कोअर ऑर नॉट?" मी म्हणालो, "माहीत नाही रे, मी तुझ्याकडे बघत होतो." त्याने माझा हात घट्ट दाबला. पुढे तो बरा होऊन खेळलाही. पलीकडच्या कडेची ती धाव फार देखणी होती, असं सगळे सांगतात. मी ती पाहिली नाही, आणि त्याचं वाईट अजून एकदाही वाटलेलं नाही.