खारट निळा

या सदरातले अद्भुत अनुभव मी नेमाने वाचतो, पण खरं सांगू? करमणूक म्हणून. वाचायचं, बायकोला मोठ्याने वाचून दाखवायचं आणि दोघांनी मिळून हसायचं. देवाला हातसुद्धा मी आई बघत असेल तरच जोडायचो. त्यामुळे आज मीच लिहायला बसलोय हे बघून सुनंदा, म्हणजे आमची सौ., आत स्वयंपाकघरात हसतेय. हसू दे. भिंत मी चाटली होती, तिने नाही.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. नवीन पनवेलला पाण्याच्या टाकीमागच्या लाइनीत आम्ही छोटंसं रो-हाऊस घेतलं होतं. लाइनीतली सगळी घरं एका साच्यातून काढलेली... तेच गेट, तीच खिडकी, तोच बिस्किटासारखा रंग. मी स्वतः एकदा ऑफिसातून येऊन शेजाऱ्यांच्या दाराला किल्ली लावत बसलो होतो आणि वर कुलूप खराब आहे म्हणून चिडलोही होतो. मग माझ्या वडिलांचं काय होणार?

बाबांचा सगळा जन्म जासईकडच्या आमच्या गावात गेला. थोडी शेती, थोडं मिठागर. आई गेली, पाठोपाठ गावातलं घर प्रकल्पात गेलं आणि मी बाबांना इकडे आणलं. तोवर त्यांचं विसरणं वाढलं होतं. पाय मात्र तरण्याताठ्या माणसाचे. फिरायला निघायचे आणि येताना भलत्याच घरात शिरायचे. समोरच्या गोखलेबाईंच्या सोफ्यावर बसून त्यांनी एकदा बाईंनाच दरडावलं, "तुमी कोन? माज्या घरान काय करताव?" बाई भल्या, त्यांनी चहा करून दिला. आम्ही हसलो.

पण मग एक दिवस बाबा सापडेचनात. सगळ्या लाइनीने शोधलं. शेवटी पळस्प्याच्या नाक्यावर मिळाले. ट्रकांच्या मध्ये, रस्त्यावर नुसते उभे होते म्हणे. एका टपरीवाल्याने हाताला धरून बाजूला आणून बसवलं होतं.

त्या संध्याकाळी मी बाजारातून एक जाडजूड कुलूप आणलं. गेटला लावायला.

सुनंदाने ते हातात घेऊन पाहिलं. "माणूस आहेत ते, गोठ्यातली म्हैस नाही. लावायचं तर तुम्ही लावा. माझ्या हातून व्हायचं नाही."

माझ्याही हातून होत नव्हतं. कुलूप कपाटावर जाऊन बसलं. पण रोज सकाळी ऑफिसला निघताना माझी नजर त्याच्यावर जायची. 'दिवाळीपर्यंत बघू,' असं मी स्वतःलाच सांगायचो.

मग सुनंदाने जे मला सुचायला हवं होतं ते केलं. बाबांना सरळ विचारलं, "बाबा, आपलं घर तुम्हाला ओळखू का येत नाही?"

"आपला घर निला हाय," बाबा म्हणाले. "ह्यो काय निला हाय?"

खरंच होतं. गावचं घर निळं होतं. पावसाळा सरला की आई चुना भिजवायची, त्यात कपड्याची नीळ आणि वरून मूठभर मीठ. चुन्यात मीठ पडलं की रंग भिंत धरून राहतो, अंगाला लागत नाही... आम्ही मीठवाले, आमच्याकडे मिठाला काय तोटा! आई बुटकी. हात पोचेल तिथवर ती कुंचा मारायची, वरचं बाबा स्टुलावर चढून करायचे. आणि काम संपलं की बाबा ओल्या भिंतीला बोट लावून जिभेवर ठेवायचे. "आज मीठ जास्त पडला," असं काहीतरी तिला चिडवायचे. आई कुंचा उगारायची. दर वर्षी हेच.

तर ठरलं, घर निळं करायचं. मी मोठ्या ऐटीत शेडकार्ड घेऊन आलो. रंगाऱ्याचं, म्हणजे रशीदभाईंचं, म्हणणं पडलं, "कार्डावर बघून काही कळत नाही भाऊ, भिंतीवर पट्टे मारून बघू." झालं! एक पट्टा आकाशी, एक मोरपंखी, एक माझ्या पसंतीचा. तो वाळल्यावर थेट पोलिसांच्या गाडीसारखा दिसायला लागला. बाबा प्रत्येकासमोर उभे राहायचे, मान हलवायचे. "ह्यो नाय."

"चाचा, जरा लांबून बघा, फार नाजूक शेड आहे," रशीदभाई समजवायचे.

"लांबशी पन नाय."

पट्टे वाढत गेले. गोखलेबाईंनी येऊन विचारलं, "भिंतीला इसब झालंय का हो?"

अशात जासईला बहिणीच्या मुलीचा साखरपुडा निघाला. आम्ही सगळे सकाळीच गेलो. घराला कुलूप, गेटला नुसती कडी. बाबा पूर्ण वेळ माझ्या शेजारी बसून होते, हे मी मुद्दाम सांगतो... कारण पुढे सगळ्यात आधी त्यांचंच नाव घेतलं गेलं.

परत आलो तेव्हा लख्ख ऊन होतं. रिक्षा टाकीपाशी सोडली. मी सुट्टे देण्यात गुंतलो, सुनंदा आहेराच्या पिशव्या सांभाळत होती आणि बाबा निघाले. मी हाक मारली, थांबले नाहीत. इकडे तिकडे न बघता चालत गेले आणि आमच्याच... अगदी आमच्याच गेटची कडी काढून आत शिरले.

आम्ही धावत पोचलो तर बाबा दाराशेजारच्या भिंतीसमोर उभे. तिथे सकाळी काहीच नव्हतं. आता एक पट्टा होता. निळा. ओला.

"हात नको लावू," बाबा मला म्हणाले. "वला हाय आजून. सुकला का खुलंल."

मग त्यांनी स्वतःच बोट लावलं, जिभेवर ठेवलं. थोडा वेळ चव घेत राहिले.

"आज मीठ बरोबर हाय," म्हणाले आणि आपल्या घरात येतो तसे आत जाऊन पलंगावर बसले.

मी तर्क लढवले. रशीदभाईंना बोलावून घेतलं. त्यांनी नखाने जरासं खरवडलं. "भाऊ, हा तर चुना आहे. खुदा कसम, मी नाही. मी चुना कालवणं कधीच सोडलं. कारभार चाचांचा असेल."

"चाचा जासईला होते."

रशीदभाई भिंतीपासून दोन पावलं मागे सरकले.

गोखलेबाई दिवसभर व्हरांड्यात पापड वाळवत बसल्या होत्या, त्यांच्या नजरेतून कावळासुद्धा सुटत नाही. त्यांनी कोणाला पाहिलं नव्हतं. खाली फरशीवर चुन्याचा एक थेंब नव्हता.

सगळे पांगल्यावर मी आजूबाजूला पाहिलं, वाकलो आणि... हो, चाटली. खारट होती. मान वर केली तर गोखलेबाई व्हरांड्यातून बघत होत्या. आमच्या घराकडे बघण्याची त्यांची नजर त्यानंतर बदलली, ती कायमचीच.

आणखी एक. तो पट्टा जमिनीपासून निघून एका बुटक्या माणसाचा हात पोचेल तिथे थांबला होता. आईने ते घर कधी पाहिलंच नव्हतं.

बाकीचं घर रशीदभाईंनी त्याच रंगाचं करायचा प्रयत्न केला. चुना, नीळ, मीठ, सगळं घालून झालं. जवळपास आलं, पण तो रंग आला नाही. पट्टा तसाच ठेवला. बाबांना बाकीच्या भिंतींचं काही नव्हतंच. फिरून यायचे, पट्ट्याला बोट लावायचे, जिभेवर ठेवायचे, आत यायचे. नंतर ते माझं नाव विसरले, सुनंदाला तर आपली बहीणच समजायला लागले, पण परक्या घरात पुन्हा कधी शिरले नाहीत. पनवेलचे पावसाळे तुम्हाला माहीत आहेत. चुन्याचा रंग त्यात टिकतो का? हा टिकला. कपाटावरचं कुलूप शेवटी सायकलला लावलं.

बाबा घरीच गेले, त्याच पलंगावर.

स्पष्टीकरण माझ्याकडे तेव्हा नव्हतं, आजही नाही. कोणाकडे असेल तर जरूर कळवा. फक्त 'वडिलांनीच केलं असेल' एवढं सोडून.

बाबांच्या तेराव्याला घर पाहुण्यांनी भरलं होतं. पंगत उठल्यावर मी चपला शोधतोय असं दाखवून दाराशी वाकलो. पट्टा तसाच होता, तितकाच निळा. मी जीभ लावली.

अळणी.